बिस्किटांच्या डब्यातल्या फ्लॉप्या

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा लेखी मसुदा. बोलताना झालेले विनोद आणि मध्येच आलेला चहा वगळला आहे.)



माझ्या आधी दोन सुरेल गाणी झाली आणि माझ्यानंतर जेवण आहे. अशा जागी एका सॉफ्टवेअर इंजिनीअरला उभं करायचं, तेही 'जुन्या फ्लॉप्या आणि सीडी वाचायच्या कशा' या विषयावर, म्हणजे कार्यकारिणीच्या धाडसाला दाद द्यायला हवी. मी वेळेत संपवीन. फक्त एक विनंती. ऐकता ऐकता आपापल्या घरातलं स्टोअररूम, कपाटाचा वरचा कप्पा आणि पलंगाखालची बॅग डोळ्यांसमोर आणा.

सुरुवात एका डब्यापासून करतो. डॅनिश बटर कुकीजचा तो निळा गोल डबा आपल्या सगळ्यांच्या घरी असतो आणि त्यात कधीही बिस्किटं नसतात, सुई-दोरा आणि बटणं असतात. मागच्या वर्षी मंडळातल्या एका काकूंनी मला घरी बोलावून असाच डबा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवाला ना रे? बघ यात काय आहे. यांचं आहे सगळं. मला टाकवत नाही आणि उघडता येत नाही."

काका जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. डब्यात २७ फ्लॉप्या निघाल्या. त्यातल्या २४ साडेतीन इंची, म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या कडक प्लॅस्टिकच्या, आणि ३ त्याहून जुन्या, सव्वापाच इंची लवचिक. त्याशिवाय दोन सीडी आणि कापडात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क. फ्लॉप्यांवर काकांच्या सुंदर अक्षरात लेबलं होती : 'गणेशोत्सव नाटिका', 'हिशेब', 'लेख - अपूर्ण'. एकीवर लिहिलं होतं, 'आईस पत्रे'.

मी काकूंना लगेच "हो" म्हटलं. त्यामागे एक कारण होतं, ते आधी सांगून टाकतो.

माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. जातं केव्हाच गेलं होतं, पण ओव्या तोंडपाठ होत्या. मी शाळेत असताना एका दिवाळीत आम्ही भावंडांनी कॉम्प्युटरला माइक जोडून तिच्या तासभर ओव्या रेकॉर्ड केल्या. पुढे इंजिनीअरिंग झालं, नोकरी लागली, आणि सिंगापूरला यायच्या आधी घर आवरताना तो जुना कॉम्प्युटर मीच माझ्या हातांनी भंगारवाल्याला दिला. हार्ड डिस्क आतच होती. आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. मला त्या ओव्यांची आठवण झाली ती विमानात. दोष ना कॉम्प्युटरचा, ना भंगारवाल्याचा. माझाच.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, अनेक टेपवर ध्वनिमुद्रित केल्या. त्या टेप पुढे डिजिटल झाल्या आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून जगासमोर येत आहेत. तिथल्या ओव्या ऐकताना मला दर वेळी वाटतं की दुसऱ्यांच्या आज्यांचे आवाज कुणीतरी जपले, आणि माझ्या आजीचा मी दोनशे रुपयांना विकला.

असो. आता मुद्द्यावर येतो.

काकूंच्या डब्यापुढे पहिला प्रश्न होता, हे वाचायला ड्राइव्ह कुठला घ्यायचा? कॉम्प्युटरच्या पोटात बसणारा, म्हणजे इंटर्नल, की वायरने बाहेरून जोडायचा, म्हणजे एक्स्टर्नल? प्रश्न साधा वाटतो, पण चुकीची निवड केली तर असलेली माहितीही जाऊ शकते.

फ्लॉपीची गोष्ट आठवा. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावायचं. आजच्या मोबाइलचा एक फोटोही त्यात बसणार नाही, पण मराठी मजकूर मात्र शेकडो पानं बसायचा. १९९८ साली ॲपलने आयमॅकमधून फ्लॉपी ड्राइव्ह काढून टाकला तेव्हा लोक हसले होते. सोनीने २०११ च्या मार्चमध्ये जपानमध्ये फ्लॉप्या विकणं थांबवलं. आणि त्याच जपानच्या सरकारने आपल्या नियमांतून फ्लॉपीची सक्ती पूर्णपणे काढली ती थेट २०२४ साली! तेव्हा तुमच्या घरात फ्लॉप्या असतील तर लाजू नका, तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

आधी एक्स्टर्नल ड्राइव्ह घेऊ. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतो. सिम लिम स्क्वेअरला चौकशी करा, कॅरोसेलवर शोधा. एका कुटुंबाच्या साध्या जेवणाच्या बिलात काम होतं. फायदे उघड आहेत. कॉम्प्युटर उघडावा लागत नाही, आजच्या लॅपटॉपला चालतो, वीज यूएसबीतूनच घेतो आणि आज माझ्याकडे, उद्या शेजारच्या ब्लॉकमध्ये असा घरोघर फिरवता येतो. ज्यांच्याकडे दहा-वीस साध्या फ्लॉप्या आहेत त्यांनी दुसरा विचार करूच नये.

पण त्याच्या मर्यादाही समजून घ्या. हे ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची फ्लॉपी घेतात. त्यातही नेहमीच्या पीसीच्या ७२० किलोबाइट आणि १.४४ मेगाबाइट एवढ्याच. जुन्या मॅकच्या ८०० किलोबाइटच्या फ्लॉप्या वेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या असतात, त्या यांना वाचताच येत नाहीत. आणखी एक गोष्ट म्हणजे, फ्लॉपी थोडी खराब असली तर पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा, हे ड्राइव्हच्या आतली चिप ठरवते. ती "नाही" म्हणाली की आपलं तिच्यापुढे फारसं चालत नाही.

आता इंटर्नल. हा ३४ पिनांच्या चपट्या पट्टीने मदरबोर्डला जोडला जातो. इथे सॉफ्टवेअर थेट त्याच्याशी बोलू शकतं. हा ट्रॅक पुन्हा वाच, तो सेक्टर सोडून पुढे जा, आता उलट्या दिशेने ये. हट्टी फ्लॉपीला असं गोडीगुलाबीने बोलतं करता येतं. सव्वापाच इंचीसाठी तर इंटर्नलशिवाय मार्गच नाही, कारण नेहमीचे यूएसबी ड्राइव्ह त्या आकाराचे येत नाहीत. अडचण एवढीच की आजच्या मदरबोर्डवर फ्लॉपीची जागाच नसते. म्हणजे एक जुना, चालू स्थितीतला पीसी हवा. आमच्या एचडीबी फ्लॅटमध्ये असा पीसी आणल्यावर घरातून जी प्रतिक्रिया आली, ती इथे सांगण्यासारखी नाही.

पूर्वी अशा जुन्या सामानासाठी सुंगेई रोडचा चोरबाजार होता. तो २०१७ च्या जुलैमध्ये बंद झाला. इथला करंग गुनी, म्हणजे आपला भंगारवालाच, आजही हॉर्न वाजवत फिरतो. पण तो नेतो, देत नाही. मला तो पीसी आपल्याच एका सभासदांच्या स्टोअररूममध्ये मिळाला.

या दोहोंच्या मधला एक मार्गही आहे आणि मला तोच सर्वांत आवडला. एक छोटं बोर्ड मिळतं, ग्रीझवीझल नावाचं. एका बाजूला जुना इंटर्नल ड्राइव्ह जोडायचा, दुसऱ्या बाजूला यूएसबी. फाइल, फोल्डर या भानगडीत ते पडत नाही. फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, आणि त्यातून अर्थ काढायचं काम नंतर कॉम्प्युटरवर निवांत करता येतं. ड्राइव्हला वीज मात्र अनेकदा वेगळ्या अडॅप्टरने द्यावी लागते. म्हणजे ड्राइव्ह आतला, पण ठेवायचा बाहेर टेबलावर.

डब्याचं काय झालं ते सांगतो. २४ साडेतीन इंची फ्लॉप्यांपैकी १७ साध्या यूएसबी ड्राइव्हवर निमूटपणे वाचल्या गेल्या. एकीला मिनिटभर, फार तर थोडं जास्त. उरलेल्या ७ पैकी एकीचं धातूचं झाकण सरकवल्यावर आत पांढरे डाग दिसले. बुरशी! सिंगापूरच्या हवेत वर्षभर सरासरी ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता. आपण कॅमेऱ्यासाठी ड्राय कॅबिनेट घेतो आणि फ्लॉप्या बिस्किटांच्या डब्यात ठेवतो. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी हेडला लागते आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरबाडली जाते. म्हणून तिचं कवच उघडून आतली चकती आयसोप्रोपाइल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसली, वाळवली आणि दुसऱ्या फ्लॉपीच्या कवचात घालून वाचली. पूर्ण निघाली.

बाकीच्या ६ यूएसबी ड्राइव्हने नाकारल्या होत्या. जुन्या इंटर्नल ड्राइव्हवर त्यातल्या ४ पूर्ण निघाल्या, एक अर्धी निघाली, एक नाही. सव्वापाच इंची ३ पैकी २ निघाल्या. एकूण हिशेब, २७ पैकी २४ पूर्ण, १ अर्धी, २ गेल्या. नुसत्या यूएसबी ड्राइव्हवर थांबलो असतो तर १० राहिल्या असत्या.

इथे एक धोक्याची सूचना. विंडोजला फ्लॉपी वाचता आली नाही की ती नम्रपणे विचारते, "ही डिस्क फॉरमॅट करायची आहे. करू का?" हा प्रश्न दारावर आलेल्या अनोळखी माणसासारखा समजा. कितीही गोड बोलला तरी "नाही" म्हणायचं. शिवाय फ्लॉपी आत घालण्याआधी तिची लेखनबंदीची खिडकी उघडी करा. साडेतीन इंचीत भोक आरपार दिसलं की त्यावर काही लिहिलं जात नाही. सव्वापाच इंचीत नेमकं उलटं, तिथे कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी लागते.

सीडी-डीव्हीडीचं गणित वेगळं आहे. यूएसबीचा पातळ ड्राइव्ह बहुतेक सीडींना पुरतो. पण त्याला वीज कमी पडली तर तो मध्येच थांबतो, अशा वेळी हबला न जोडता थेट कॉम्प्युटरला जोडा. ओरखडे पडलेल्या सीडीला मोठा इंटर्नल ड्राइव्ह अनेकदा जास्त बरा पडतो. तोच ड्राइव्ह वेगळ्या वीजजोडणीच्या डब्यात घालून बाहेरून वापरता येतो. दोन-तीन वेगवेगळे ड्राइव्ह करून बघा, एकाला न जमलेलं दुसऱ्याला जमतं. छोटी आठ सेंटिमीटरची सीडी असेल तर ती फक्त ट्रेच्या ड्राइव्हमध्येच ठेवा. नुसती फट असलेल्या ड्राइव्हमध्ये ती अडकून बसते. आणि आपण सगळे सीडीची चमकती बाजू जपतो, पण नाजूक असते ती लेबलाची बाजू. माहिती धरून ठेवणारा थर तिथेच वर, लाखेच्या पातळ आवरणाखाली असतो. त्यावर बॉलपेनने 'मुंज' असं दाबून लिहिलं, की मुंजीचं काही खरं नाही.

हार्ड डिस्कचं म्हणाल, तर ती स्वतःच ड्राइव्ह आहे. आतली डिस्क बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरला जोडायची. जुनी रुंद पट्टीची आयडीई असो की नंतरची साटा, दोन्हींचे अडॅप्टर मिळतात. साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून वेगळ्या वीजजोडणीचा अडॅप्टर घ्या. चालू केल्यावर टक्-टक् आवाज आला तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका आणि इंटरनेटवर वाचून फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका. तिथून पुढे ते तज्ज्ञाचं काम.

थोडक्यात माझा नियम सांगतो. साधी साडेतीन इंची फ्लॉपी किंवा चांगली सीडी असेल, तर एक्स्टर्नल. हट्टी, बुरसटलेली किंवा सव्वापाच इंची असेल, तर इंटर्नल, शक्यतो त्या बोर्डावर. हार्ड डिस्क असेल तर अडॅप्टर. आणि काहीही असलं तरी आधी संपूर्ण डिस्कची एक प्रत, म्हणजे इमेज काढा, मग मूळ वस्तू बाजूला ठेवून जे काय प्रयोग करायचे ते प्रतीवर करा. नवा ड्राइव्ह आधी बिनमहत्त्वाच्या डिस्कवर तपासा. कुणाकडे झिप डिस्क असेल तर हे विशेष लक्षात ठेवा, कारण बिघडलेला झिप ड्राइव्ह चांगली डिस्कही खराब करतो.

आता तुम्हाला वाटेल, फाइल मिळाली, संपलं. नाही! काकांची फाइल उघडली आणि पडद्यावर आली निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. डिस्क खराब नव्हती. १९९० च्या दशकात आपण मराठी लिहायचो ते श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा पॅकेजेसवर, आणि त्यातल्या अनेक फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर गिचमीड. युनिकोड घराघरांत पोचायच्या आधीची ही गोष्ट. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलावा लागतो आणि त्यातही गंमत आहे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचंही तसंच. जोडाक्षरं तुटतात. म्हणून शेवटी मराठी येणारा माणूस बसवून एकेक ओळ तपासावी लागते. हे काम कुठल्याही ड्राइव्हचं नाही. इथे मंडळाच्या ज्येष्ठांची गरज आहे. तुम्ही ऱ्हस्व-दीर्घावरून आमच्या व्हॉट्सॲप संदेशांना जी नावं ठेवता, ती शक्ती इथे वापरा.

अर्धी निघालेली फ्लॉपी कुठली होती, ते तुमच्या लक्षात आलं असेल. 'आईस पत्रे'. काका इथे नवीन आले तेव्हाची पत्रं. टाइप करून, छापून गावी पाठवायचे आणि प्रत ठेवायचे. अकरा पत्रं असावीत, त्यातली सहा पूर्ण निघाली. मी ती मोठ्या अक्षरात छापून काकूंकडे नेली. चष्मा लावून त्यांनी पहिलं पत्र वाचलं, आणि एका ओळीवर थांबल्या. म्हणाल्या, "वेळेवर जेवतो म्हणून लिहिलंय बघ आईला. खोटं आहे. रात्री दहापर्यंत ऑफिसात असायचे." आणि मग हसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी चहा करायला उठलो. उरलेली पाच पत्रं मिळाली नाहीत, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, सहा मिळाली ना. काल एकही नव्हतं."

मंडळी, इतिहासाचार्य राजवाडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावोगाव फिरले. वाड्यांच्या माळ्यांवर, अडगळीत, कसर आणि वाळवी लागलेली दप्तरं शोधत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि पुढे त्याचे बावीस खंड झाले. त्यांच्या हाती लागायच्या आधी किती दप्तरं बंबात गेली, याचा हिशेब कुणीच देऊ शकत नाही. आपल्या डब्यांत काही पेशव्यांची पत्रं नाहीत. पण परदेशात येऊन राहिलेल्या मराठी माणसाने पहिल्या वर्षी काय खाल्लं, आईला काय कळवलं, गणपतीत कुठली नाटिका बसवली, हे दुसरीकडे कुठे सापडणार? आणि कागदाला वाळवी लागायला निदान वेळ तरी लागायचा. आपली फ्लॉपी तेवढंही थांबत नाही. दर वर्षी फ्लॉप्याही खराब होतात आणि त्या वाचणारे चालू ड्राइव्हही कमी होतात. पुढच्या पिढीवर ठेवण्याचं हे काम नाही.

एकदा प्रत निघाली की ती तीन ठिकाणी ठेवा. एक घरच्या कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या घरी, शक्य तर भारतात भावा-बहिणीकडे. दोन-तीन वर्षांनी दिवाळीची साफसफाई करताना ती उघडून बघा. पितळेच्या भांड्यांसारखंच आहे. वापरात नसली तरी घासून ठेवावी लागतात.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी कार्यकारिणीने मला उभं केलं. आजचा निधी गावाकडच्या मुलींच्या शिक्षणासाठी जाणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही चार-पाच जणांनी असं ठरवलंय की मागच्या टेबलावर यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह, सीडी ड्राइव्ह, अडॅप्टर आणि तो जुना पीसी मांडून बसायचं. तुमचे डबे आणा. तुमच्या समोर प्रत काढून देऊ. प्रत तुमच्याकडेच राहील, आमच्याकडे काही ठेवणार नाही. पैसे आम्हाला द्यायचे नाहीत. दुकानात या कामाला जे द्यावं लागलं असतं ते शेजारच्या दानपेटीत टाका. काही निघालं नाही तरी जमेल ते टाका, कारण मुलींच्या फीचा आपल्या फ्लॉपीतल्या बुरशीशी काही संबंध नाही!

आणि ज्यांना जुना कॉम्प्युटर दान करायचा असेल किंवा करंग गुनीला द्यायचा असेल, त्यांनी कृपा करून आधी आतली हार्ड डिस्क काढून घ्या. कशी काढायची ते ठाऊक नसेल तर मला हाक मारा. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येतो. रात्री अकरा वाजता बोलावलं तरी येईन. का, ते तुम्हाला आता माहीत आहे.

जेवण गरम आहे तोवर थांबतो.